स्वेच्छेने व पूर्ण माहितीनिशी

लेखापालांच्या संस्थेने नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालाच्या चौथ्या परिच्छेदात असे वाक्य आहे : "अर्जदार उमेदवाराने विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि संस्थेची व्यावसायिक सनद या दोन पर्यायांपैकी दुसऱ्याची निवड स्वेच्छेने व पूर्ण माहितीनिशी केली, प्रशिक्षणार्थी म्हणून तिची नोंद न होण्यास तिचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत असून, तिने केलेले तीन वर्षांचे काम प्रशिक्षण म्हणून ग्राह्य धरता येत नाही."

वाक्य निर्दोष आहे. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी आहेत. स्वल्पविरामसुद्धा जिथे श्वास घ्यायचा तिथेच पडला आहे. असत्य सांगायचे तर शुद्ध भाषेत सांगावे, हे समित्यांना कोणी शिकवावे लागत नाही. निवड झाली, हे खरे. ती त्या मुलीच्या तोंडून झाली, हेही खरे. पण ज्याचे तोंड त्याची निवड, असे धरून चालायचे तर पोपटाइतका स्वतंत्र विचारवंत त्रिभुवनात सापडणार नाही. 'स्वेच्छेने' हा शब्द तपासायचा असेल तर त्या मुलीच्या घरी जायला हवे, आणि 'पूर्ण माहितीनिशी' तपासायचा असेल तर एक जुनी नोंदवही उघडायला हवी. समितीने यांतले काहीही केले नाही. तिला घाई होती.

घर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली शिलाईयंत्रे सुरू झाली की वर कपाटातल्या बश्या किणकिणत. मुलीला घरात धाकटी म्हणत. थोरली लग्न करून दूर गेली होती आणि दर रविवारी फोनवर सगळ्यांना सल्ले देत असे. वडील एका जुन्या लेखापरीक्षकाच्या कचेरीत सव्वीस वर्षे मुख्य कारकून होते. सनदेच्या परीक्षेचे सगळे पेपर ते उत्तीर्ण झाले होते, एक सोडून. तो एक त्यांनी सात वेळा दिला. आठव्या वेळी धाकटीचा जन्म झाला, आणि मग कोणी त्यांना तो देण्याबद्दल विचारलेही नाही. कचेरीत पाठीमागे त्यांना 'जवळजवळसाहेब' म्हणत. पाठीमागे म्हणजे फार मागे नव्हे. ऐकू जाईल इतपतच.

धाकटी पदवीला पहिल्या पाचांत आली, ती मुख्यतः एका निबंधामुळे. प्रत्येक लेखापरीक्षक ताळेबंदाखाली एक वाक्य लिहितो : आमच्या मते हे हिशेब खरे व वाजवी चित्र दर्शवितात. धाकटीने या एका वाक्यावर वीस पाने लिहिली. कोणाच्या मते, आणि कोणासाठी वाजवी, असा तिचा प्रश्न होता. तिच्या प्राध्यापक मॅडमनी तो निबंध दोनदा वाचला, विद्यापीठात स्वतः खेटे घातले आणि तिच्यासाठी लेखाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात एक जागा मिळवली. शुल्क माफ, अट एवढीच, की पदवी मिळाली त्याच वर्षी प्रवेश घ्यायचा. होकार कळवायची शेवटची तारीख पंधरा.

"सनद तुला सही कुठे करायची ते शिकवील," मॅडम म्हणाल्या. "कुठे करायची नाही, ते शिकायचं असेल तर इकडे ये."

हे वाक्य धाकटीने जेवताना घरी सांगितले. वडिलांनी घास खाली ठेवला.

"वाक्य चांगलं आहे. पण मॅडमच्या सहीनं आजवर एक तरी ताळेबंद पास झालाय का? विचार त्यांना."

"तुमच्या सहीनं झालाय का?" आई म्हणाली.

"माझ्या सहीनं होत नाही, म्हणूनच म्हणतोय."

"हां. म्हणजे तुमचा राहिलेला पेपर आता हिनं सोडवायचा."

"आई, तू थांब ना."

"मी थांबलेलीच आहे. सव्वीस वर्षं थांबलेय." आईने ताट उचलले आणि ती मोरीकडे गेली. तिच्या बोलण्याला धार होती, पण ती धार सुरीची नव्हे, विळीची होती : आपली जागा सोडून ती कधी कोणाच्या अंगावर गेली नाही.

वडिलांनी जबरदस्ती केली असती तर बरे झाले असते. जबरदस्तीला निदान नाही म्हणता येते. त्यांनी आवाजही चढवला नाही. ते एवढेच म्हणत, की तिकडे दोन वर्षं पुस्तकं वाचशील, मग नोकरी शोधशील, आणि तिथे पुन्हा सनदवाल्याच्या हाताखालीच बसशील. त्यापेक्षा आत्ताच तीन वर्षं कचेरीत शीक, परीक्षा दे, आणि स्वतःची पाटी लाव. नोंदणीचं, फॉर्मचं, साहेबांशी बोलायचं, तुला काही बघावं लागणार नाही. "मी आहे ना." या तीन शब्दांपुढे विद्यापीठाचे माहितीपत्रक टिकले नाही. कोणते टिकले असते?

दहा तारखेला ती कचेरीत जाऊ लागली. अकराला साहेबांनी तिच्या नोंदणीच्या अर्जावर हसत सही केली. चौदाला, चहाच्या वेळी, तिने वडिलांना विचारले :

"बाबा, अर्ज गेला ना? उद्या मॅडमना कळवायचंय, येते की नाही ते."

"चारशे सतरा," वडील म्हणाले. "जावक क्रमांक चारशे सतरा. लिहून ठेव."

तिने तो आकडा आपल्या डायरीत लिहिला आणि पंधराला मॅडमना नकार कळवला. मॅडम फळा पुसत होत्या. त्यांनी "बरं" म्हटले आणि कोपरे नीट पुसून घेतले.

पुढची तीन वर्षे वाईट गेली असती तर ही हकीकत सोपी झाली असती. ती चांगली गेली. बापलेक रोज वीस मिनिटे चालत कचेरीत जात. वडिलांच्या टेबलासमोरच तिचे टेबल होते. गोदामांत जाऊन ती पोती मोजून आली, खिळ्यांच्या पेट्या उघडून आली, एकदा तर नोंदीत असलेल्या आणि प्रत्यक्षात नसलेल्या जनरेटरच्या शोधात तिने अख्खा कारखाना पालथा घातला. वडील शिकवत होते, आणि शिकवताना तो सात वेळा नापास झालेला माणूस कुठेच दिसत नव्हता.

"बेरीज पहिल्याच फटक्यात जुळली तर काय करायचं?" ते विचारत.

"घाबरायचं."

"शाब्बास. आणि दुसऱ्यांदाही जुळली तर?"

"साहेबांना सांगायचं?"

"छे! चहा घ्यायचा. साहेबांना तिसऱ्यांदा."

त्यांनीच तिला जावक नोंदवही वाचायला शिकवले. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा क्रमांक या वहीत चढतो, त्या त्या तारखेखाली. आता कारकून नावाची जात मोठी दूरदृष्टीची. एखादे पत्र आज जायला हवे, पण आज जाऊ शकत नाही, असे असले की ती आजच्या तारखेखाली एक ओळ कोरी सोडते. पुढे महिन्याने पत्र निघाले, की त्या ओळीत त्याला बसवते. वहीपुरते ते वेळेवर गेलेले असते. याला 'तारीख राखून ठेवणे' म्हणतात. प्रत्येक कचेरीत हे चालते, आणि प्रत्येक कचेरी दुसरीच्या वहीत ते पकडते.

"शाई नको बघूस," वडील म्हणत. "शाई कोणीही जुळवतो. गर्दी बघ. मागाहून लिहिणारा दाटीवाटीनं लिहितो, कारण त्याला जागा आधीच मापून दिलेली असते. आणि टपालाची पावती बघ. शेजारी पावती चिकटवलेली नसेल तर पत्र कपाटात आहे असं समज."

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिने अंतिम परीक्षेचा अर्ज भरला. तो सोमवारी सकाळी परत आला. सोबत एका ओळीचे पत्र होते : या नावाची प्रशिक्षणार्थी म्हणून संस्थेकडे नोंद नाही.

चूक संस्थेची असणार, असे वाटून ती हसली. कपाटापाशी गेली, तीन वर्षांपूर्वीची जावक नोंदवही काढली आणि क्रमांक शोधला. चारशे सोळा निळ्या शाईत होता. चारशे अठराही निळ्या शाईत होता. मधल्या ओळीत पेन्सिलीने, फिकट, तिचे नाव आणि 'संस्थेस' एवढेच लिहिले होते. शेजारी पावती नव्हती. शिकवणाऱ्याने चांगले शिकवले होते. कळायला तिला अर्धे मिनिटही लागले नाही.

ती वही घेऊन समोरच्या टेबलापाशी गेली.

"बाबा, चारशे सतरा."

वडिलांनी पेनाला टोपण लावले. ते नीट बसले की नाही हे पाहिले.

"साहेबांनी जागा मेव्हण्याच्या मुलाला दिली," ते म्हणाले.

एका लेखापरीक्षकाला दोनच प्रशिक्षणार्थी ठेवता येतात. एक आधीपासूनचा होता. दुसऱ्या जागी साहेबांच्या मेव्हण्याच्या चिरंजीवांचे नाव लागले होते. हे चिरंजीव हजेरीपटावर तीन वर्षे अखंड हजर होते आणि प्रत्यक्षात दोनदा आले होते. त्यांतल्या एकदा ते पंखा कुठून चालू होतो हे विचारायला आले होते.

"सहा महिन्यांत सोडणार होता तो. साहेब म्हणाले होते. सुटला की तुझा अर्ज त्या ओळीत बसवून, त्याच तारखेनं पाठवणार होतो. तारीख राखून ठेवली होती मी."

"संस्था अर्ज पोचल्याची तारीख धरते, बाबा. जावकची नाही."

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. एकोणतीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांतली ही लबाडी बोट ठेवून दाखवणाऱ्या माणसाचा स्वतःच्या वहीतल्या लबाडीवर मात्र भाबडा विश्वास होता. मांत्रिकाने स्वतःच दिलेला अंगारा स्वतः लावावा, तसे.

"आमच्या वेळी जावकची धरायचे," ते म्हणाले.

"आणि जागा गेली, हे तुम्हाला कधी कळलं?"

"नंतर."

"नंतर म्हणजे?"

"नंतर, गं."

लेखापरीक्षकाने इथे तिसरा प्रश्न विचारायचा असतो. मुलगी दुसऱ्यावर थांबली.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बसायला सांगितले, पाणी मागवले, आणि ती बोलत असताना दोनदा मान हलवली.

"हे बघ बाळ, नोंदणीकडे लक्ष ठेवणं हे उमेदवाराचं काम. आणि माझ्या कचेरीत ते सगळं तुझे वडीलच बघतात. त्यांच्यावर मी अविश्वास दाखवायचा का? तूच सांग."

"जागा तुम्ही दुसऱ्याला दिलीत, साहेब."

"जागा सगळ्यांनाच हवी असते, बाळ. खुर्ची मात्र तुला दिली ना? पंख्याखालची!"

बाहेर आली तेव्हा कोपऱ्यातला टंकलेखक शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "आता छोटे जवळजवळ." हेही ऐकू जाईल इतपतच.

संस्थेच्या नियमांत एक कलम होते. नोंद न होण्यात दोष मालकाचा असेल, आणि त्याने ती गोष्ट उमेदवारापासून लपवली असेल, तर झालेले काम प्रशिक्षण म्हणून धरता येते. त्या एका कलमावर तिची तीन वर्षे टांगलेली होती. धाकटीने चार पानी तक्रार लिहिली. तिसऱ्या पानावर तिने लिहिले, की माझ्या वडिलांनाही अंधारात ठेवण्यात आले होते. ती तक्रार तिने स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवली. वडील डोळे मिटून ऐकत होते. त्या वाक्याशी त्यांनी हात वर केला. ती थांबली.

"'ठेवण्यात आले होते' नको," ते म्हणाले. "नुसतं 'ठेवले' म्हण. कर्ता स्पष्ट हवा. कोणी ठेवले, ते येत नाही त्यात."

तिने दुरुस्ती केली. आई भांडी घासत होती. तिचे हात थांबले, तिने मान वळवून नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि मग नळ मोठा सोडला.

सुनावणी सकाळी अकराला होती, संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबलामागे तिघे जण बसले होते. तिघांचीही सही चालत होती. धाकटीला त्यांनी वीस मिनिटे प्रश्न विचारले आणि साक्षीदारांनी एकमेकांचे ऐकू नये म्हणून बाहेर पाठवले. मग वडील आत गेले. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दारावरच्या काचेला आतून कागद लावलेला होता. वडिलांना चाळीस मिनिटे लागली.

"काय सांगितलंत?"

"विचारलं ते."

"साहेबांनी लपवलं, हे सांगितलंत ना?"

"सगळं सांगितलं," वडील म्हणाले, आणि जिना उतरताना त्यांनी प्रथमच तिच्या खांद्यावर हात ठेवला. पायऱ्या झिजलेल्या होत्या, आधार हवा असेल, असे तिला वाटले.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. तो मन लावून वाचण्यासारखा आहे. तिसऱ्या परिच्छेदात समिती म्हणते, की नोंदणीचे काम मालकाने मुख्य कारकुनाकडे सोपवले होते, सबब मालकाचा दोष दिसत नाही. मालकांनी यापुढे दक्षता घ्यावी. म्हणजे तिसऱ्या परिच्छेदात तो माणूस कारकून आहे. चौथ्यात तोच माणूस बाप होतो. समितीचे म्हणणे असे, की जागा भरल्याची माहिती उमेदवाराच्या वडिलांना मुदतीपूर्वी होती. उमेदवार त्यांच्याच घरात राहत होती. तेव्हा वडिलांची माहिती तीच उमेदवाराची माहिती मानण्यास प्रत्यवाय नाही. कारकुनाने लपवले असते तर मालकाला भोवले असते. बापाने लपवले, म्हणून मुलीला भोवले. एकाच माणसाला दोन परिच्छेदांत दोन अंगरखे घालून समितीने आपला मालक अलगद सोडवला, आणि याला न्याय म्हणायचे असते.

'मुदतीपूर्वी' हा शब्द धाकटीने तिथेच उभ्या उभ्या तीनदा वाचला.

नव्याने नोंदणी करून तीन वर्षे पुन्हा करावीत, असे अहवालाच्या शेवटी सुचवले होते. तिने विद्यापीठाला फोन केला. शुल्कमाफी मुदतीत न घेतल्याने रद्द झाली होती. पूर्ण शुल्क भरून प्रवेश मिळेल, असे पलीकडच्या बाईंनी सांगितले. ते शुल्क त्या घराच्या आवाक्यातले नव्हते. शिवाय बाईंचा एक साधा प्रश्न होता : "पदवीनंतर तीन वर्षांचा खंड दिसतोय. या काळात तुम्ही काय करत होता? काही दाखला आहे का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "काही नाही."

त्या दिवशी वडील एकटेच लवकर निघून गेले होते. खाली शिलाईयंत्रे सुरू झाली होती. आई समोर येऊन बसली आणि तिने अहवालाची शेवटची पाने मुलीकडे सरकवली. तिने ती आधीच वाचली होती. समितीने आपल्या अहवालाला तीन परिशिष्टे जोडली आहेत आणि तिसऱ्याचा उल्लेख अहवालात कोठेही केलेला नाही. ते मुख्य कारकुनाचे निवेदन आहे. लघुलेखकाने ते जसे बोलले गेले तसेच उतरवले आहे :

"जागा गेल्याचं मला बारा तारखेला कळलं. सकाळी, दहा वाजता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं. लपवलं नाही त्यांनी माझ्यापासून. मुलीनं लिहिलंय ते तिला तसं वाटतं म्हणून लिहिलंय, ती खोटं बोलत नाहीये. ती मला चौदाला विचारायला आली, तेव्हा मला माहीत होतं. पंधराच्या आत सांगितलं असतं तर ती विद्यापीठात गेली असती. तिला तेच हवं होतं. तिनं कधी म्हटलं नाही, पण मला ठाऊक होतं. मग मी तिला नंबर सांगितला. सहा महिन्यांनी जागा सुटेल असं वाटलं होतं, हे खरं आहे, पण नाही सुटली, त्यानंतरही मी सांगितलं नाही. दर महिन्याला ठरवायचो. साहेब, मी सव्वीस वर्षं त्या टेबलावर बसलो, समोर कोणी माझं म्हणून बसलेलं नव्हतं. ती बसली. मला विचारायची, बाबा हे असं का, आणि मला उत्तर यायचं. घरातून आम्ही चालत निघायचो. मला तेवढं हवं होतं. तिची वर्षं वाया जातायत हे मला रोज दिसत होतं, आणि माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं तीच होती. तुम्ही मघापासून निष्काळजीपणा म्हणताय. तिचा तर नाहीच, पण माझाही म्हणू नका. मी हे फार काळजीपूर्वक केलं."